अपलोड फॉर्ममधून साइट हॅक झाली: घातक फाइल पुसूनही ती परत का येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि संगणकाचं काम पाहणाऱ्या ताईंनी विचारलंय. कंपनीची वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार प्रणालीवर आहे. सभासद नोंदणीच्या फॉर्ममध्ये शेतकरी सातबारा, आधार आणि पासबुकाचे फोटो चढवतात. 'अपलोड्स फोल्डरमध्ये घातक फाइल सापडली' असं कळवून होस्टिंग कंपनीनं साइट बंद केली. वेबसाइट बनवणाऱ्यानं ती फाइल पुसली, फॉर्मचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग) अपडेट केलं आणि साइट सुरू करून दिली. पंधरवड्यात पुन्हा तेच झालं. गुगलवर कंपनीचं नाव टाकलं तर ऑनलाइन जुगाराची पानं दिसतात. खरिपाची नोंदणी तोंडावर आहे. फॉर्म ठेवायचा की काढायचा, आणि हे परत परत का होतंय?

ताई, फॉर्म आजच बंद करा. कायमचा नाही, खालचं काम पूर्ण होईपर्यंत. तोवर नोंदणी कार्यालयात कागदावर घ्या. तुमच्या प्रश्नात जुगाराच्या पानांची काळजी जास्त दिसते, मला मात्र काळजी सभासदांच्या कागदांची आहे. ज्या फोल्डरमध्ये ती घातक फाइल सापडली, त्याच फोल्डरमध्ये त्यांचे आधार आणि पासबुकं पडली आहेत. ज्याची फाइल तिथं चालली त्यानं ती वाचली असतील असं धरूनच चालावं लागेल. जुगाराची पानं नीट सफाई केल्यावर काही आठवड्यांत गुगलवरून निघून जातात. आधार आणि खाते क्रमांकाचं तसं नाही.

हे घडतं कसं ते आधी समजून घ्या, म्हणजे वेबसाइटवाल्याशी बोलताना कोणी तुम्हाला गुंडाळणार नाही.

शेतकरी फॉर्ममध्ये फोटो निवडून बटण दाबतो. ब्राउझर ती फाइल सर्व्हरकडे पाठवतो आणि सोबत दोन गोष्टी कळवतो: फाइलचं नाव आणि तिचा प्रकार. हे दोन्ही पाठवणाऱ्याचं म्हणणं असतं, सर्व्हरनं तपासलेलं काही नसतं. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती सर्व्हरवर चालणारी भाषा, ती फाइल तात्पुरत्या जागी ठेवते आणि तिथून प्लगइन ती उचलून अपलोड्स फोल्डरमध्ये, त्या वर्षाच्या आणि महिन्याच्या उपफोल्डरात ठेवतं. हे फोल्डर साऱ्या जगाला उघडं असतं, कारण साइटवरचे फोटोही तिथूनच दिसतात. आता फोटोऐवजी कोणी पीएचपीची फाइल तिथं ठेवली आणि तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, तर सर्व्हर ती नुसती दाखवत नाही, चालवतो. त्या फाइलीत जे लिहिलं असेल ते तुमच्या होस्टिंग खात्याच्या अधिकारानं होतं. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधून डेटाबेसचा पासवर्ड वाचता येतो, नवा अ‍ॅडमिन तयार करता येतो, दुसऱ्या फोल्डरांत आणखी फाइली पेरता येतात. अशा फाइलीला आमच्या कामात वेबशेल म्हणतात. ती फार मोठी असते असंही नाही, एका ओळीचीही पुरते.

वर्डप्रेस स्वतः यात बऱ्यापैकी काळजी घेतं. त्याच्याकडे परवानगी असलेल्या प्रकारांची यादी असते आणि त्यात पीएचपी नाही. अ‍ॅडमिननंही मीडिया लायब्ररीतून पीएचपी चढवायचा प्रयत्न केला तर ते नकार देतं. घोळ बहुतेक वेळा प्लगइनमध्ये होतो. वर्डप्रेसची तपासणी करणारी सोय बाजूला ठेवून प्लगइन लिहिणारा आपली वेगळी वाट काढतो आणि तिथं तपासणी अर्धवट राहते.

सप्टेंबर २०२० मधलं 'फाइल मॅनेजर' प्लगइनचं प्रकरण यासाठी मी नेहमी सांगतो. हे प्लगइन त्या वेळी सात लाखांहून जास्त साइटवर होतं. त्यात एलफाइंडर नावाची तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला कोड) वापरली होती. लायब्ररीसोबत नमुन्यादाखल एक कनेक्टर फाइल येते. ती थेट चालू नये म्हणून तिच्या नावाच्या शेवटी 'डिस्ट' असं शेपूट लावलेलं असतं. प्लगइनमध्ये ते शेपूट काढून फाइल चालण्याजोगी ठेवली गेली. तिला लॉगिन लागत नव्हतं. पत्ता ठाऊक असलेला कोणीही तिच्यामार्फत वेबशेल चढवू शकत होता आणि लोकांनी तेच केलं. ६.० ते ६.८ या आवृत्त्यांत दोष होता, ६.९ मध्ये दुरुस्त झाला. पण दुरुस्ती यायच्या आधीच हल्ले सुरू झाले होते. अपडेट वेळेवर करणाऱ्यांच्या साइटही त्यात गेल्या.

या प्रकरणातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेत नाही. प्लगइन 'निष्क्रिय' केलं म्हणून ते सुरक्षित होत नाही. निष्क्रिय म्हणजे वर्डप्रेस ते वापरत नाही, एवढंच. त्याच्या फाइली सर्व्हरवर तशाच असतात आणि कनेक्टरसारखी थेट पत्त्यावरून चालणारी फाइल असेल तर ती चालतेच. न लागणारं प्लगइन पूर्ण डिलीट करायचं. आणि फाइल मॅनेजर जातीचं प्लगइन तर साइटवर असूच नये, होस्टिंग खातं सांभाळायच्या सीपॅनेलमध्ये ती सोय आधीच असते. वेबसाइटवाले ते आपल्या सोयीसाठी टाकतात आणि काम झाल्यावर काढत नाहीत.

२०१४ मध्ये मेलपोएट या ईमेलनं वार्तापत्रं (न्यूजलेटर) पाठवणाऱ्या प्लगइनमध्ये वेगळ्या जातीची चूक निघाली. वर्डप्रेसमध्ये 'अ‍ॅडमिन-इनिट' नावाचा एक टप्पा आहे. नावावरून वाटतं की तिथवर अ‍ॅडमिनच पोचत असेल. प्रत्यक्षात लॉगिन न केलेल्या माणसाची काही पानांवरची मागणीही त्या टप्प्यातून जाते. त्या टप्प्यालाच राखणदार समजून फाइल चढवण्याचा कोड तिथं लिहिला गेला होता आणि कोणालाही पीएचपी फाइल चढवता येत होती. २.६.७ आवृत्तीत ते बंद झालं. हीच चूक आजही वेगवेगळ्या रूपांत सापडते. पानात छापलेला नॉन्स हा छोटा संकेतांक जुळला म्हणजे परवानगी आहे असं धरणं हा त्यातला सगळ्यात सामान्य प्रकार. नॉन्स पान उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. मागणी आपल्याच पानावरून आली का एवढंच तो सांगतो. मागणाऱ्याला अधिकार आहे का, हे प्लगइननं वेगळं विचारायलाच हवं.

तुमच्या फॉर्मसाठी तपासणी कशी चुकते तेही जरा खोलात सांगतो, कारण सभासदाला लॉगिन नसताना फाइल चढवू द्यायची ही तुमची गरजच आहे. तिथं परवानगीचा प्रश्न उरत नाही, फाइलच तपासावी लागते.

काही प्लगइन बंदीची यादी ठेवतात: पीएचपी नको, ईएक्सई नको. ही यादी कधीच पुरी होत नाही. सर्व्हरच्या मांडणीनुसार 'पीएचटीएमएल', 'पीएचपी५', 'फार' (phar) अशी एक्स्टेन्शनंही (फाइलच्या नावातली टिंबानंतरची अक्षरं) पीएचपी म्हणून चालतात. कोणी अक्षरं लहान-मोठी करतं. वर्डप्रेससारख्याच जूमला प्रणालीच्या मीडिया मॅनेजरमध्ये २०१३ साली नावाच्या शेवटी नुसतं एक टिंब ठेवून तपासणी चुकवता येत होती. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे फॉर्मचं प्लगइन पन्नास लाखांवर साइटवर होतं. डिसेंबर २०२० मध्ये ५.३.२ आवृत्ती आली ती याच कारणानं, फाइलच्या नावात काही खास अक्षरं घातली की आधीच्या आवृत्तीतली नावाची सफाई चुकत होती. म्हणून यादी उलटी हवी. फक्त जेपीजी आणि पीएनजी घेणार, बाकी सगळं परत.

काही जण फाइलचा प्रकार बघतात, पण ब्राउझरनं कळवलेला. तो बदलायला हल्लेखोराला काही सेकंद लागतात. काही जण फाइलचे सुरुवातीचे बाइट बघतात. जिफ फोटोच्या सुरुवातीला सहा ठरावीक अक्षरं असतात. ती लिहून खाली पीएचपी कोड टाकला की अशी तपासणी समाधानी होते. दुहेरी एक्स्टेन्शनचा प्रकारही आहे: नावात आधी पीएचपी आणि शेवटी जेपीजी. अपाचे या सर्व्हर सॉफ्टवेअरची मांडणी चुकलेली असेल तर मधलं पीएचपी पाहूनही तो फाइल चालवायला घेतो. एसव्हीजी चित्र तर मुळात मजकुराची फाइल असते आणि तिच्यात जावास्क्रिप्ट बसते. तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असताना तसं चित्र उघडलं तर ती स्क्रिप्ट तुमच्या अधिकारानं चालू शकते. वर्डप्रेस एसव्हीजी आपणहून घेत नाही. लोगो नीट दिसावा म्हणून कोणीतरी ती परवानगी देणारं प्लगइन टाकून ठेवतं. तुमच्याकडे ते आहे का बघा.

फोटोसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे आलेली फाइल जशीच्या तशी ठेवायचीच नाही. सर्व्हरवर ती चित्र म्हणून उघडायची, त्यातून नवं जेपीजी तयार करायचं, त्याला आपणच एखादं लांबलचक, अंदाज न येणारं नाव द्यायचं आणि मूळ फाइल पुसून टाकायची. जी फाइल चित्र म्हणून उघडतच नाही ती तिथंच बाद होते. पोटात लपवलेला कोड नव्या चित्रात सहसा उरत नाही. शिवाय मोबाइलच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत लोकेशन सुरू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही असतात, म्हणजे सभासदाच्या घराचा पत्ताच. तोही यातच काढून टाकता येतो. ही सोय करणारी सर्व्हरवरची लायब्ररी मात्र अद्ययावत हवी. इमेजमॅजिक या अशाच एका लायब्ररीत २०१६ च्या मे महिन्यात मोठा दोष निघाला होता. पीडीएफ शक्यतो घेऊच नका. सातबाऱ्याचा फोटो चालतो.

एवढं सगळं सांगूनही माझं म्हणणं असं आहे की प्लगइनच्या तपासणीवर तुमची भिस्त नको. उद्या कोणत्या प्लगइनमध्ये काय निघेल ते ना मी सांगू शकतो, ना तुमचा वेबसाइटवाला. भिस्त दोन प्रश्नांच्या उत्तरांवर हवी. अपलोड्स फोल्डरमध्ये आलेली पीएचपी फाइल चालते का? आणि तिथं आलेला सभासदाचा कागद बाहेरचा माणूस उघडू शकतो का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर प्लगइनमध्ये अपलोडचा दोष निघाला तरी नुकसान बऱ्याच अंशी आटोक्यात राहतं.

पहिल्या प्रश्नाची चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. साध्या नोटपॅडमध्ये पीएचपीची एक ओळ लिहायची: फक्त दोन आणि तीनचा गुणाकार छापणारी. ती सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून अपलोड्स फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडा. पानावर सहा हा आकडा दिसला तर फाइल चालली, म्हणजे तुमचं अपलोड्स फोल्डर वेबशेलला मोकळं आहे. '४०३ फॉरबिडन' आलं तर बंदोबस्त आहे. मग त्याच फाइलचं नाव बदलून पीएचटीएमएल करून बघा. नंतर पीएचपी-टिंब-जेपीजी करून बघा. महिन्याच्या उपफोल्डरात हलवूनही बघा, काही वेळा बंदी वरच्या फोल्डरापुरतीच लावलेली असते. झाल्यावर चाचणीची फाइल आठवणीनं पुसा.

आकडा दिसला तर अपाचे किंवा लाइटस्पीड सर्व्हरवर अपलोड्स फोल्डरमध्ये डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइल (त्या फोल्डरापुरते नियम लिहायची फाइल) ठेवून पीएचपी जातीच्या सगळ्या फाइलींना मनाई करता येते. एन्जिनएक्स सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. तिथं होस्टिंगवाल्यांना मुख्य मांडणीत बदल करायला सांगावं लागतं. सेटिंग लावल्यावर चाचणी पुन्हा करा, 'लावलं आहे' या शब्दावर थांबू नका. हे मी आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. जेक्वेरी फाइल अपलोड नावाचा कोड जगभर असंख्य साइटमध्ये आणि प्लगइनमध्ये वापरला गेला. त्याचं संरक्षण डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइलवर अवलंबून होतं. अपाचेनं २०१० मध्ये २.३.९ आवृत्तीपासून ही फाइल आपणहून वाचणं बंद केलं. कोड तसाच राहिला, फाइलही जागेवर राहिली, फक्त तिचा उपयोग संपला. अकामाई या इंटरनेट कंपनीतले सुरक्षा संशोधक लॅरी कॅशडॉलर यांनी ते जाहीरपणे मांडलं तेव्हा २०१८ चा ऑक्टोबर उजाडला होता. तोवर हल्लेखोर ते वापरत होते.

दुसरा प्रश्न कागदांचा. ब्राउझरमध्ये अपलोड्स फोल्डरचा पत्ता महिन्याच्या उपफोल्डरापर्यंत टाकून बघा. 'इंडेक्स ऑफ' असं लिहून खाली फाइलींची यादी आली तर तुमच्या सभासदांचे आधार कोणीही एकेक करून उतरवून घेऊ शकतं, त्याला हॅकिंगही लागत नाही. यादी आली नाही तरी निश्चिंत होऊ नका. आधार-आडनाव-जेपीजी अशी नावं असतील तर अंदाजानं उघडता येतात. असे कागद पब्लिक एचटीएमएल या फोल्डरच्या बाहेर ठेवायचे असतात. त्याच्या बाहेरचा भाग वेबवरून दिसतच नाही. कार्यालयातल्या माणसानं लॉगिन केल्यावर एका छोट्या कोडमार्फत ते त्याला दाखवायचे. हे करून देणं वेबसाइटवाल्याला अवघड नाही. फॉर्मच्या काही चांगल्या प्लगइनमध्ये ती सोय तयारही असते.

पण ताई, त्याआधी संचालकांच्या बैठकीत एक विषय घ्या. हे कागद घ्यायचेच कशाला? महाभूमीवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, त्यावर पडताळणीचा क्रमांक असतो. गट क्रमांक आणि तो पडताळणी क्रमांक फॉर्ममध्ये टाइप करून घेतला तर फोटोची गरज राहत नाही. अ‍ॅग्रिस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीतला ओळख क्रमांक आता बऱ्याच जणांकडे आहे. आधार लागतच असेल तर पहिले आठ अंक झाकलेला मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळतो. पासबुकाच्या फोटोऐवजी खाते क्रमांक आणि आयएफएससी दोनदा टाइप करून घ्या. गावाकडे बहुतेक सभासद फॉर्म स्वतः भरत नाहीत. पोरगा मोबाइलवर भरतो, नाहीतर सेतू केंद्रात भरून घेतात, म्हणजे टाइप करणारा हाताशी असतोच. आणि जे कागद घ्यावेच लागतील ते पडताळणी झाल्यावर सर्व्हरवरून पुसायचे, अशी नोंद ठरावातच करा. दोन-तीन हंगामांपूर्वीचे आधार वेबसाइटवर पडून राहण्याला कुठलंच कारण नाही.

आता परत परत का होतंय ते. होस्टिंगच्या तपासणीत सापडलेली फाइल ही बहुतेक वेळा त्यांना ओळखू आलेली एक फाइल असते. पहिल्या वेबशेलमधून आत आलेला माणूस आधी स्वतःसाठी आणखी चोरवाटा करतो. थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या भागाच्या) फंक्शन्स फाइलीत दोन ओळी, प्लगइनच्या फोल्डरात वर्डप्रेसच्याच वाटाव्यात अशा नावाची फाइल, एमयू-प्लगइन्स फोल्डरात एखादी गोष्ट (तिथलं प्लगइन नेहमीच्या यादीत दिसत नाही), डेटाबेसमध्ये एखादा अनोळखी अ‍ॅडमिन, ठरावीक वेळानं चालणारं क्रॉन. फाइल पुसली आणि प्लगइन अपडेट केलं तर त्याची मूळ वाट बंद होते, बाकीच्या तशाच राहतात.

याहून आपल्या भागात मला जास्त दिसणारं कारण वेगळं आहे. वेबसाइट बनवणारा एकच होस्टिंग खातं घेतो आणि आपल्या दहा-पंधरा ग्राहकांच्या साइट त्यात बसवतो. तुमची कंपनी, एखादी पतसंस्था, एखादं मंगल कार्यालय, आणि नॅकची समिती येणार म्हणून घाईत उभी केलेली एखाद्या महाविद्यालयाची साइट. समिती येऊन गेली की त्या साइटकडे कोणी फिरकत नाही, प्लगइन वर्षानुवर्षं जुनीच राहतात. सगळ्या साइट एकाच खात्यात म्हणजे एकाच अधिकारात. महाविद्यालयाच्या साइटवर चढलेला वेबशेल तुमच्या फोल्डरात आरामात लिहू शकतो. शेजाऱ्यानं कापसाची फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात राखलं, तर तुम्ही कितीही फवारलं तरी गुलाबी बोंडअळी यायची थांबत नाही, तसंच हे आहे. म्हणून वेबसाइटवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या सीपॅनेल खात्यात आणखी कोणाच्या साइट आहेत? उत्तर टाळलं तर समजून जा. तुमच्या कंपनीला स्वतंत्र खातं हवंच, तेही कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर. डोमेनही तसंच.

दुसरा प्रश्न: थीम आणि पैशाची प्लगइन कुठून घेतली? फुकटात मिळालेलं 'प्रो' प्लगइन, ज्याला बाजारात नल्ड म्हणतात, त्याला अपडेट येत नाही आणि अनेकदा चोरवाट आधीच आत घालून दिलेली असते. विकत घेतलेल्या थीमसोबत आलेल्या प्लगइनचीही चौकशी करा. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशनच्या दोषात अनेक साइट अशाच अडकल्या होत्या. प्लगइन थीमच्या पोटात होतं, त्यामुळे अपडेटची सूचना मालकाला दिसतच नव्हती.

सफाई करायची तर क्रमानं. आधी आहे त्या अवस्थेतल्या साइटची, डेटाबेसची आणि लॉगची (साइटकडे कोणी कधी काय मागितलं त्या नोंदींची) पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. पुरावा तोच आहे आणि वेबसाइटवाले घाईत नेमका तोच पुसतात. मग नव्या स्वतंत्र खात्यात वर्डप्रेस नव्यानं बसवा आणि प्लगइन व थीम मूळ ठिकाणाहून नव्यानं उतरवा. जुन्या साइटमधून फक्त मजकूर आणि फोटो आणायचे, आणि आणण्याआधी अपलोड्स फोल्डरमध्ये फोटोशिवाय दुसरं काही आहे का ते शोधायचं. अ‍ॅडमिनची यादी ओळीनं वाचा. होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, वर्डप्रेस आणि कंपनीच्या ईमेलचे पासवर्ड बदला. डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या गुप्त किल्ल्याही बदला, म्हणजे आधीपासून लॉगिन असलेले सगळे बाहेर पडतात. ही कामं एका स्वच्छ संगणकावरून करा.

जुगाराची पानं तुम्हाला साइट उघडल्यावर दिसत नसतील, कारण ती बहुधा फक्त गुगलच्या रोबोला दाखवली जातात. गुगल सर्च कन्सोलमध्ये जाऊन त्यांची यादी मिळते. तिथं साइटच्या मालकांच्या यादीत कोणी अनोळखी आहे का तेही बघा, हल्लेखोर स्वतःला मालक म्हणून नोंदवून ठेवतात. सुरक्षेचं प्लगइन टाकायला हरकत नाही, पण त्यानं प्रश्न सुटला असं समजू नका. वर्डफेन्सच्या फुकट आवृत्तीला फायरवॉलचे नवे नियम पैसे भरणाऱ्यांपेक्षा तीस दिवस उशिरा मिळतात. शिवाय वेबशेल एकदा आत असला की तो असं प्लगइन बंदही करू शकतो.

आत कुठून आले ते लॉगमधून कळतं. घातक फाइल कोणत्या तारखेला तयार झाली ते सीपॅनेलमध्ये दिसतं. ही तारीख खोटी लिहिता येते, पण सुरुवात तिथून करा. त्या दिवसाच्या लॉगमध्ये त्या फाइलचं नाव शोधा. तिला पहिल्यांदा उघडणारी ओळ सापडली की त्या ओळीतला आयपी पत्ता घ्या आणि त्याच्या आधीच्या ओळी वाचा. थोडं वर 'पोस्ट' प्रकारची (सर्व्हरकडे काही पाठवल्याची) एखादी ओळ असेल: कधी वर्डप्रेसच्या अ‍ॅडमिन-अजॅक्स फाइलकडे, कधी थेट एखाद्या प्लगइनच्या फोल्डरातल्या फाइलकडे, आणि शेवटी २०० हा आकडा, म्हणजे सर्व्हरनं मागणी स्वीकारली. ज्या प्लगइनचं नाव तिथं येतं तिथूनच ते आत आले, असं धरून तपास पुढे न्यायचा. घातक फाइल उघडल्याची ओळ आहे पण तुमच्या साइटवर 'पोस्ट' कुठंच नाही, असं निघालं तर शेजारच्या साइटवरून आल्याचा संशय पक्का होतो.

कळवण्याचं कामही आहे आणि ते टाळू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. तुमची संस्था कंपनी कायद्याखालची आहे, त्यामुळे हे तुम्हालाही लागू आहे. वेळ उलटली असली तरी आज कळवा. त्यांच्या संकेतस्थळावर त्यासाठी नमुना आहे, ईमेलही चालतो. सभासदांना सांगायला संचालक कचरतील, बदनामीची भीती असते. पण ज्याच्या आधारचा आणि पासबुकाचा फोटो गेला असण्याची शक्यता आहे, त्याला ते कळलंच पाहिजे. त्याच्या नावावर कर्ज निघालं किंवा खात्यातून पैसे गेले तर तो कोणाकडे बघणार? गावागावांतल्या गटप्रमुखांमार्फत साध्या शब्दांत निरोप द्या: बँकेतून बोलतोय असं सांगून कोणी आधार किंवा खाते क्रमांक अचूक वाचून दाखवला तरी ओटीपी देऊ नका, एम-आधार अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक करून घ्या, पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. बायोमेट्रिक लॉक केल्यावर रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे अंगठा देताना ते तात्पुरतं उघडावं लागतं, हेही सांगा, नाहीतर म्हाताऱ्या माणसांची अडचण होते.

आज दुपारपर्यंत होस्टिंग कंपनीला एक ईमेल करा आणि साइटचे कच्चे अ‍ॅक्सेस लॉग, त्यांच्याकडे असतील तितक्या मागच्या तारखेपासूनचे, मागून घ्या. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ते थोडेच दिवस ठेवतात. लॉग हाती आले की प्लगइनची नावं आणि आवृत्त्यांच्या यादीसह मला पाठवा; सभासदांची नावं, नंबर किंवा कागद त्यात येऊ देऊ नका. नव्या खात्यात साइट उभी राहिली, गुणाकाराची चाचणी ४०३ देऊ लागली आणि फॉर्ममधले फोटो कमी झाले, की नोंदणी पुन्हा सुरू करायला माझी हरकत नाही.